बारा व्होल्टची बंडी

पहाटे साडेचारला फोन.
बोंडगावची भागरताबाई :
"काल सांजेपासून हंबरते जी, ढेपेलाही तोंड लावत नाही.
लवकर या, नाहीतर माज उतरून जाईन."

अंगणात गाडीच्या सीटवर दव,
बोटानं नाव लिहिता येईल इतकं जाड.
मागं नायट्रोजनचा डबा बांधतो,
ट्यूबचे तीन वेढे, वरून तरट.
आत उणे एकशे शहाण्णव.
अख्ख्या तालुक्यातली सगळ्यात मोठी थंडी
माझ्या पाठीला टेकून बसते,
आणि पुढून पौषाची, फुकटची.

बारा वर्षं छातीशी पेपर कोंबून गाडी चालवली.
रविवारचा अंक बरा, जाहिरातींनी जाड.
हातात रेक्झिनचे मोजे, तरी पोचेस्तोवर बोटं
हँडलच्या आकारातच राहायची.
गायीच्या पोटात हात घालायचा
तर आधी तो हात माझाच आहे का,
हे बघून घ्यावं लागायचं.

मग अर्जुनीच्या चैतराम इलेक्ट्रिकवाल्यानं
कंबर शेकायच्या एका बिघडलेल्या पट्ट्यातून
तार काढली, साप काढावा तशी,
तुकडे केले, जोडले, पुन्हा तोडले.
बायकोनं ती माझ्या जुन्या बंडीच्या दोन थरांत शिवली,
नांगराच्या तासांसारखी, जात येत.
पांढरं रीळ संपलं तिथून लाल धागा.
बॅटरीवरून वायर, मध्ये फ्यूज, खिशापाशी बटन.
"एक ध्यानात ठेव," चैतराम म्हणाला,
"गाडी शंभर सीसीची हाय, पावर हाऊस नाही.
बंडी लावशीन तर लाइट पिवळा पडन."

पडतोच.
गाव सुटलं की बटन दाबतो.
आधी बरगड्या, मग पाठीचा मधला भाग
जिथं आपला हात कधी पोचत नाही,
तिथपर्यंत ऊब चढते
आणि समोरचा रस्ता विझत जातो.
तलावाच्या पाळीवर धुकं, धानाचे पुंजणे
माणसं बसल्यासारखे.
मग जंगलाचा तुकडा, चार किलोमीटर.
मागच्या आठवड्यात इथंच रोह्यांचा कळप आडवा आला होता.
बटन बंद.
लाइट पांढरा, अंग लाकूड.
बांध्या लागल्या की पुन्हा चालू.
बघणं नाहीतर शेकणं.
दोन्ही एकदम मी त्या गाडीला
कधी मागितलं नाही.

गोठ्यात बल्बखाली गाय, कान टवकारून.
डबा उघडला की तोंडातून वाफ सांडते.
वाफ कसली, थंडीच ती, दिसते मात्र चहासारखी.
कांडी थर्मासच्या कोमट पाण्यात, तीस मोजेपर्यंत.
मग गन भरायची, आणि भरलेली गन
अशा हवेत उघडी धरायची नाही :
एक झुळूक, की मेहनत मातीत.
म्हणून बंडीच्या आत घालतो, काखेजवळ,
लाल धाग्यापाशी. तिथं अजून
गाडीतली ऊब शिल्लक असते.
गायीला खुंट्याला आवळेपर्यंत पुरते.

काम झालं. हात धुताना
भागरताबाई माझ्या खांद्याला टॉवेल लावते नि दचकते.
"ताप हाय का जी तुमाले?"
लोंबती वायर दाखवली. तिनं शेणाचे हात पुसले,
दोन्ही तळवे माझ्या पाठीला लावून
चूल शेकावी तशी उभी राहिली थोडा वेळ.
"बाप्पा," म्हणाली,
"अशी एखादी कंबरेले लावाची भेटत असन का कुठं?"
मी म्हणालो, भेटते. ही आधी तीच होती.

परतताना ऊन निघालं. वायर खिशात खोचलेली.
जंगलाच्या तुकड्यात रोही उभा, एकटा,
रस्त्याच्या अगदी मधोमध.
गाडी बंद केली.
त्याच्या नाकातून वाफ, माझ्या तोंडातून वाफ.
कोणाला घाई नव्हती.